वह्या गेल्या, मी आहे

मी एक जुने, चार जणांचे छोटे विमान आहे. भंगार नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली माझ्याकडे बघणारा जो तो हाच शब्द उच्चारतो, आणि तोही माझ्यासमोर.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. एक बाई माझ्या पोटात बसून लोखंडी ठोकळा धरत आणि बाहेरून दुसऱ्या बाई पत्रे जोडणारी रिवेट ठोकत. त्यांनी ठोकलेली एकही रिवेट अजून निखळलेली नाही.

पुढे मला दोन भावांनी घेतले. त्यांचा धंदा कोंबडीची पिल्ले पोचवण्याचा. मागच्या जागा काढून तिथे खोकी रचायचे आणि मग पिल्लांच्या कलकलाटापुढे माझ्या इंजिनाचेही काही चालत नसे. थोरला मला चालवी, धाकटा हिशेब बघे. "आमचं विमान म्हणजे घरातलं माणूस," असे दोघे सगळ्यांना सांगत. खोटे कशाला बोलू, ते ऐकून माझी छाती फुगायची. माझे प्रत्येक उड्डाण, बदललेले तेल, नवा भाग, सारे वह्यांत लिहिलेले असे. विमानावरचा विश्वास त्या वह्यांवर चालतो.

मग भावाभावांत बिनसले आणि वाटणी झाली. खुर्च्यासुद्धा निम्म्या निम्म्या झाल्या. मी थोरल्याकडे गेलो. कचेरी, कपाटासकट, धाकट्याकडे गेली आणि माझ्या वह्या होत्या त्या कपाटात. थोरला मागेना, कारण मागितले तर कमीपणा. धाकटा देईना, कारण न मागता दिले तर माघार. शेवटी धाकट्याने कपाट आतल्या कागदांसकट रद्दीवाल्याला देऊन टाकले. दोघांचीही नाके शाबूत राहिली, कापले गेले ते माझे.

त्यानंतर मी शेडमध्ये पडून राहिलो. चाकांतली हवा गेली, कबुतरांनी पाठीवर संसार मांडला. गिऱ्हाईक येई, वह्या विचारी आणि आल्या पावली परत जाई. माझे सुटे भाग करून विकायचेही ठरत आले होते.

अशात एक गुरांची डॉक्टर मला बघायला येणार असे कळले. तिची बरीचशी जनावरे दरीपलीकडच्या डोंगरात होती. रस्त्याने पोचेपर्यंत अडलेली गाय वासरासकट जायची. तिला विमान हवे होते आणि नवे झेपणारे नव्हते.

ती यायच्या आधी जुन्या विमानांचा एक दलाल थोरल्याला भेटला. माझ्याच जातीचे एक विमान जळून गेले होते, त्याच्या वह्या या दलालाकडे होत्या. माझी नंबराची पट्टी काढून त्या विमानाच्या नंबराची लावायची, की त्या वह्या माझ्या म्हणून खपणार. थोरल्याने मान खाली घातली आणि पट्टी बदलू दिली. मित्रांनो, त्या दिवशी मला जो संताप आला, तो मी विसरणार नाही. मी जिवंत आणि मेलेल्याच्या नावाने उडू?

डॉक्टर आली. वह्या चाळून झाल्यावर तिने त्या बाजूला ठेवल्या आणि जनावर तपासावे तसा माझ्या अंगावरून हात फिरवायला सुरुवात केली. डाव्या पंखाखाली तिचा हात थांबला. तिथे रंगाचा थर जाड होता.

"इथे काहीतरी झालंय," ती म्हणाली.

दलाल म्हणाला की वहीत तसे काहीच नाही.

"वहीत नसेल, पंखाला आहे. माझ्याकडे येणारी गाय काही वही घेऊन येत नाही. काका, तुम्ही सांगा, इथे काय झालं होतं?"

थोरल्याने पंखाखाली वाकून त्या जाड थरावर हात ठेवला. मग म्हणाला, "शेतात उतरवावं लागलं, पंख दगडाला लागला. आम्ही दोघांनीच पत्रा ठोकला. लिहिलं असतं तर तपासणीपायी महिनाभर विमान बसून राहिलं असतं. आमच्या खऱ्या वहीतही ते नाही. आणि या वह्या तर याच्या नाहीतच."

ऐकलेत? ज्या वह्यांपायी मला भंगार ठरवले, त्यासुद्धा पुरत्या खऱ्या नव्हत्या. खरे होते ते माझे अंग.

डॉक्टरने वह्या दलालाच्या हातात ठेवल्या, थोरल्याला माझी जुनी पट्टी परत लावायला लावली आणि मला घेतले. मेकॅनिकने तिला स्पष्ट सांगितले की ज्या भागाचे वय माहीत नाही तो संपला असेच धरावे लागेल, सगळे उघडावे लागेल, आणि एवढे करूनही उडेलच याची खात्री नाही. ती म्हणाली, "उघडा."

आज माझा डावा पंख भिंतीला टेकवून ठेवला आहे आणि इंजिन टेबलावर सुटे पडले आहे. मित्रांनो, आपल्या वस्तू जपा, त्यांची नोंद ठेवा आणि ती खरी ठेवा. पण कुणाचे कागद हरवले, म्हणून तो संपला असे म्हणू नका, आणि दुसऱ्याचे कागद तर त्याच्या गळ्यात मुळीच बांधू नका. त्याला उघडून बघा. मी उघडा पडलो आहे, हाडापर्यंत. या, हवे ते तपासा. मी घाबरत नाही.