भाषणाआधीचा अभिप्राय

आमच्या शैक्षणिक तंत्रज्ञानवाल्यांची ऑनलाइन परिषद म्हणजे बोलणाऱ्यांचं संमेलन. ऐकायला तिथे कोणी फिरकत नाही. प्रमाणपत्रं दाखवल्याशिवाय बढती मिळत नाही, म्हणून झाडून सगळे हजर होतात, कॅमेरा बंद करतात आणि भाजी निवडायला बसतात.

या वेळी मात्र मला खरंच काही सांगायचं होतं. आमच्या काही शाळांत वर्षभर वाचनाचं एक अ‍ॅप वापरून पाहिलं होतं आणि त्याची पाहणी माझ्याकडे होती. मुलानं ओळीवर बोट ठेवलं की अ‍ॅप ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवतं. मुलं बोट ठेवण्यात पटाईत झाली आणि वाचायचं विसरली. माझी भाची त्यातलीच. पाचवीत आहे आणि दुकानाची पाटी वाचता येत नाही. आता हेच अ‍ॅप सगळ्या शाळांत आणायचं का, ते परिषदेत ठरणार होतं. ते थांबवीन, असा शब्द मी धाकट्या बहिणीला दिला होता.

सकाळी नमनालाच घडाभर तेल गेलं. संचालकसाहेब 'परिवर्तन' हा शब्द सोडायलाच तयार नव्हते. तेवढ्यात संयोजकांनी 'सर्वांच्या सोयीसाठी' अभिप्रायाची लिंक टाकली. अभिप्राय भरला की प्रमाणपत्र हातात, असा नियम. मग काय विचारता! मी तोंड उघडण्याआधीच माझं भाषण 'अतिशय प्रेरणादायी' ठरलं होतं.

तरी मी बोलले. निकाल दाखवले. शेवटी भाचीचं रेकॉर्डिंग लावलं. ती एका सोप्या शब्दापाशी अडते, पुन्हा सुरू करते आणि रडायला लागते. चॅटमध्ये उमटलं, "खूप छान, मॅडम! पीपीटी मिळेल का?"

माझं डोकंच फिरलं. "जे ऐकताहेत, त्यांनी हात वर करा," मी म्हटलं.

एकच हात वर आला, अ‍ॅपच्या कंपनीतल्या माणसाचा. "उत्तम मुद्दा, मॅडम. मूल रडतंय हे ओळखायची सोय पुढच्या आवृत्तीत देतोय."

समारोपाला साहेब प्रसन्न होते. "मॅडमच्या सत्राला सर्वाधिक पसंती! अभिप्रायातल्या 'हे अ‍ॅप इतरांना सुचवाल का?' या प्रश्नाला सगळ्यांचा होकार. मॅडमच्या प्रभावी मांडणीमुळे अ‍ॅप आता सर्व शाळांत लागू होईल, आणि शिक्षकांना प्रशिक्षणही मॅडमच देतील."

"साहेब, मी विरोधात बोलले!" मी ओरडले.

"हा मॅडमचा विनय," साहेब म्हणाले आणि त्यांनी सभा बंद केली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणायचीही सोय उरली नाही, घडा उठून गेला होता.

संध्याकाळी बहीण आली. चप्पल काढता काढताच तिनं विचारलं, "ताई, थांबलं का गं?"

"नाही."

"तू बोलली नाहीस?"

"बोलले ना. सगळ्यांना फार आवडलं." मग प्रशिक्षणाचंही सांगून टाकलं. कधीतरी कळणारच होतं.

"म्हणजे आता गावभरच्या पोरांना बोट ठेवायला तूच शिकवणार?"