खीळ कुणी काढली?

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. दिवाणखान्यात ठेवतात तसली नव्हे. मला एकच चाक आहे, पुढे दोन दांडे आणि मागे दोन. ज्यांना पायांनी डोंगर चढता येत नाही, त्यांना दोन माणसं माझ्यात बसवून वर नेतात. स्वभावाने मी संशयी आहे, आणि हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. तीव्र उतारावर ज्याचा जीव आपल्या हवाली असतो, त्याच्यासाठी कुणीतरी संशयी असलेलं बरं.

मला एका वेल्डरने घडवलं. सगळे त्याला दादा म्हणत. चाक मोटारसायकलचं, नळ्या सायकलींच्या, बैठक एका मोडीत निघालेल्या बसची. प्रत्येक जोड तो हातोडीने ठोकून बघायचा. आवाज बद्द आला की पुन्हा सांधायचा. हा सगळा खटाटोप त्याच्या धाकट्या बहिणीसाठी होता. ताई शाळेत भूगोल शिकवायची. सव्विसाव्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात तिच्या कमरेखालचं बळ गेलं, पण जिभेचं मात्र दुप्पट झालं.

"दादा, ही खुर्ची आहे की बैलगाडी?" मला पहिल्यांदा बघून ती म्हणाली.

"बस तर आधी. मग नावं ठेव."

ती बसली आणि आम्ही गावाबाहेरची टेकडी चढलो. उतरताना दादाचा घाम माझ्या दांड्यांवर ठिबकत होता आणि ताई शीळ घालत होती.

पुढे दादाने मला डोंगरभटकंतीच्या एका संस्थेला देऊन टाकलं. तिथे मी अकरा वर्षं राबले. एका म्हाताऱ्या शिंप्याला धबधबा दाखवला. एक मुलगी तर प्रत्येक वळणावर "अजून जोरात!" म्हणून ओरडायची. कौतुकही पुष्कळ झालं. पण एका समारंभात एक पाहुणे माझा दांडा धरून हसले आणि फोटो निघताच त्यांनी तो सोडून दिला. मी कलंडले. माझ्यात बसलेल्या माणसाचं कोपर सोलवटलं. त्या दिवसापासून मी चेहऱ्यांवर विश्वास ठेवणं सोडलं आणि हात ओळखायला शिकले.

मग नवीन, हलक्या खुर्च्या आल्या. मी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेले. माझ्या बैठकीवर रंगाचे डबे ठेवू लागले. दोन वर्षं कुणी विचारलं नाही.

एके दिवशी ताडपत्री दूर झाली. समोर ताई होती.

"मला मोठ्या खिंडीत जायचंय. तीन दिवसांची वाट आहे. आणि मला हीच खुर्ची हवी, हिच्या खोडी मला ठाऊक आहेत."

संस्थेच्या प्रमुख बाई हो म्हणाल्या. दादाने मात्र ताडपत्रीची घडी घालायला घेतली. खिंडीची वाट वर्षातून दीडच महिना उघडी असायची, म्हणून लगेच तयारी सुरू झाली. मागचे दांडे आणि ब्रेक दादा सांभाळणार होता, पुढचे दांडे ओढायला एक नवा माणूस आला. आधी तो दगडाच्या खाणीत दोरावर काम करायचा. दिवसाकाठी चार शब्द बोलायचा, म्हणून सगळे त्याला गप्पू म्हणू लागले. हा गप्पू रोज माझ्याजवळ उकिडवा बसे आणि एकेक स्क्रू चाचपे. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. एवढं काय बघतो हा?

निघायच्या दोन दिवस आधी, सगळे जेवायला गेलेले असताना, ताडपत्रीखाली एक हात शिरला. त्यावर चामडी हातमोजा होता. तसले हातमोजे संस्थेत सगळ्यांकडेच होते. त्या हाताने माझ्या चाकाच्या आसाची खीळ उपसली आणि तो निघून गेला. त्या खिळीशिवाय दहा पावलांत चाक निखळलं असतं.

दुपारी गप्पूने मला चाचपलं आणि तो ओरडला, "खीळ नाही!"

निघणं रद्द झालं. तसली खीळ बाजारात मिळत नसे, ती दादाच्याच लेथवर व्हायची. त्याने आठ दिवस लावले. नवी खीळ बसली, आणि निघायच्या आदल्या दिवशी तीही गेली. या वेळीही गप्पूनेच ओरडून सांगितलं.

"चोराला चोरी बरी सापडते," दादा बाईंना हळूच म्हणाला. "माणूस नवा आहे. लक्ष ठेवा."

बाईंनी गप्पूला शनिवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मला बरंच वाटलं, मित्रांनो. खोटं कशाला सांगू?

दादाने या खेपेला दोनच दिवसांत खीळ आणून दिली. बाईंनी ती त्याच्याकडून बसवून घेतली. शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, ताई एकटीच शेडमध्ये आली. तिने गप्पूला बोलावलं. "मला हिच्यात बसव. वरून ताडपत्री घाल, माझी रोजची चाकांची खुर्ची आडोशाला लाव आणि जेवायला जा."

"का?"

"खिळीला पाय फुटतात का, ते बघायचंय."

तो गेला. आम्ही दोघी अंधारात श्वास रोखून बसलो, म्हणजे ती रोखून बसली. दहा मिनिटांनी पावलं वाजली. हात आत शिरला आणि आसाकडे वळला. ताईने तो मनगटाशी घट्ट पकडला आणि दुसऱ्या हाताने ताडपत्री ओढून टाकली.

समोर दादा होता.

ज्या हाताने मला घडवलं, तो मला हातमोज्यातून ओळखता आला नव्हता! मी जगावर संशय घेतला, फक्त त्याच्यावर घेतला नाही.

ताई म्हणाली, "तू मला पाडणार होतास?"

"नाही गं! पडू नयेस म्हणूनच…" दादा खाली बसला. "त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात तुला मी उचललं होतं. पुन्हा नाही जमायचं मला."

"आणि गप्पूला खीळ गेल्याचं कळलंच नसतं तर?"

"कळलं असतं. तो रोज बघतो. म्हणून तर…"

"म्हणजे ज्याच्या भरवशावर काढलीस, त्यालाच चोर ठरवलंस?"

दादाने हातमोजा काढून जमिनीवर ठेवला.

"भीती वाटत होती, तर मला सांगायचं होतंस. मी ऐकलं असतं, भांडले असते, आणि तरी गेले असते. पण तो माझा निर्णय झाला असता. तू तर माझ्या पाठीमागे माझ्या वाटेला खीळ घातलीस."

त्याच संध्याकाळी दादाने सगळ्यांसमोर कबुली दिली. सगळं पूर्ण सांगितलं आणि गप्पूचे हात धरले. बाई म्हणाल्या, "आता यांना बरोबर नेणं नको."

गप्पूने नकारार्थी मान हलवली. "मागे तेच असू देत. घाबरणारा माणूस ब्रेकवर बरा."

तीन दिवस आम्ही चढलो. पुढे गप्पू, मागे दादा. मला दादाचा भरवसा वाटत नव्हता, दर वळणावर मी त्याची पकड तपासत होते. दुसऱ्या दिवशी मुरूम घसरला, माझं चाक कड्याकडे सरकलं. गप्पूचा पाय सुटला. दादाने ब्रेक असा आवळला, की तार त्याच्या तळव्यात रुतली. ताई फक्त म्हणाली, "दगड लावा चाकाला. घाई नको." तिचा आवाज स्थिर होता. मग कुठे त्या दोघांचे हात स्थिर झाले.

खिंडीत वारा तोल घालवत होता. ताईने स्वतःला खाली, दगडगोट्यांवर ठेवायला सांगितलं. दोन्ही पंजे जमिनीवर टेकून ती पलीकडच्या रांगांकडे बघत राहिली. गप्पू तिच्या शेजारी बसला. मी रिकामी होते, तरी दादाने माझा ब्रेक सोडला नव्हता.

"ये की इकडे," ताई ओरडली. "रिकाम्या खुर्चीला काय राखत बसलायस?"

त्याने हळूहळू बोटं सोडली आणि तो गेला.

मित्रांनो, आता माझ्या नळ्या गंजल्या आहेत. पण चाक अजून फिरतं. मला बाहेर काढाल तेव्हा तेल घाला, खीळ बघा, ब्रेक दाबून बघा. एवढी काळजी मला पुरते. माझ्यात बसणाऱ्या माणसाची काळजी मात्र त्याच्या नकळत घेऊ नका. लोक अजूनही दांडा धरणाऱ्याला विचारतात, "यांना झेपेल का?" तेव्हा मी पुन्हा संशयाने कान टवकारते. अरे, ते समोर बसलेत. त्यांनाच विचारा.