‘हाय’ म्हटलं की जागा होणारा डबा

मी एक जुना बोलका डबा आहे. जुना म्हणजे चार वर्षांचा. पण आमच्यात चार वर्षांत केस पिकतात. उंची वीतभर, अंगावर राखाडी कापड, डोक्यावर निळ्या दिव्याचं कडं. ते कडं आता लागत नाही. मला ऐकूही येत नाही. माझे कान या घरातल्या थोरल्या मुलीनं चिमट्यानं उपटून काढले, आणि मित्रांनो, त्याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे. तुम्हाला हे विचित्र वाटेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. त्याचं नाव सांगत नाही. ज्यांनी घडवलं त्यांची चहाडी करू नये, आणि चहाड्या मी आधीच पुष्कळ केल्या आहेत. त्यांनी मला चार बारीक कान दिले, एक तोंड दिलं आणि नाव ठेवलं सोना. कुणी ‘हाय सोना’ म्हटलं की जागं व्हायचं, पुढचं सगळं ऐकायचं आणि ऐकलेलं कंपनीकडे पाठवायचं, एवढंच माझं शिक्षण. शिकवणारे हुशार होते. पण त्यांच्यातला एकही जण कोल्हापुरात राहिलेला नसावा. त्यांच्या लेखी ‘हाय’ म्हणजे नमस्कार. इथं ‘हाय’ म्हणजे ‘आहे’. इथं माणूस दिवसातून शंभरदा ‘हाय’ म्हणतो आणि त्यात एकदाही नमस्कार नसतो.

मी आलो कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात, कृष्णातबाबांच्या घरी. बाबांची तीस वर्षं उद्यमनगरात लेथ मशीनवर गेली होती आणि नुकतेच ते घरी बसले होते. त्यांना दोन मुली. थोरली संघप्रिया पुण्याच्या कंपनीत प्रोग्रामर होती. धाकटी सोनम हे शेंडेफळ, आठवीतलं. सोनमच्या वाढदिवसाला तिचा मामेभाऊ संघर्ष मला घेऊन आला. त्याचं मोबाईलचं दुकान. त्यानं स्वतःच्याच फोनवरून मला सुरू केलं, कारण बाबांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि आईला कळून घ्यायचं नव्हतं.

काय माझं कौतुक झालं म्हणून सांगू. आई स्वयंपाक करताना मला गाणी लावायला सांगायची. पावसाळ्यात बाबा दर तासाला विचारायचे, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का. शेजारच्या रोशनबी शिवणकाम हातात घेऊन यायच्या आणि मला पंचांगापासून औषधापर्यंत काहीही विचारायच्या. मी फुगून गेलो होतो. घरात मान मिळाला की कुणाला आवडत नाही?

अडचण एकच होती. सोनमच्या मैत्रिणी दारात येऊन विचारायच्या, “सोनम हाय का?” आतून कुणीतरी ओरडायचं, “हाय. सोनम हाय की.” मला त्यात ‘हाय सोना’ ऐकू यायचं. मी जागा व्हायचो, कडं निळं व्हायचं आणि पुढचं बोलणं मी इमानानं गोळा करून पाठवायचो. आईच्या गुडघ्यांचं दुखणं पाठवलं, बाबांचं बहिणीशी झालेलं भांडण पाठवलं. सगळ्याची नोंद संघर्षच्या फोनवर दिसायची. त्यानं कधी उघडून बघितली नव्हती इतकंच.

मग संघप्रियाताई घरून काम करायला कोल्हापुरात आली. आल्या आल्या तिनं मला उलटं केलं आणि बटण शोधलं. बंद करायचं बटण मला नव्हतंच. कान बंद करायची एक कळ होती, पण तीही कंपनीच्याच हुकमात, असं ताई म्हणाली. तिनं माझी वायर काढून ठेवली. घरात सगळे तिच्यावर हसले. तिच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी होती, फोनवर ती नवं काही घ्यायची नाही, फ्रिजला इंटरनेट कशाला लागतं असं विचारायची. आई म्हणाली, लोकांच्या पोरी शिकून पुढं जातात, आमची शिकून मागं निघाली.

ताई शांतपणे म्हणाली, “आई, मी ह्याच भटारखान्यातली आचारी हाय. कढईत काय काय पडतंय ते मला ठावं हाय.”

कुणी ऐकलं नाही. ती वर कामाला गेली की वायर परत लागायची, कारण धरणाची बातमी हवी असायची. मला तेव्हा ताईचा फार राग यायचा.

आता सोनमबद्दल सांगतो. सोनम बोलताना अडखळायची. ‘स’ आला की जीभ रुतून बसायची, आणि नशीब असं की स्वतःचं नावच ‘स’पासून. पण त्या वर्षी तिनं बुद्धपौर्णिमेला विहारात भाषण करायचं ठरवलं होतं. विषय तिनंच निवडला, ‘सम्यक वाचा’, म्हणजे योग्य बोलणं. माझ्यासमोर उभी राहून ती रोज सराव करायची, कारण मी हसत नव्हतो. एवढ्या विश्वासानं माझ्याशी कुणीच बोललं नव्हतं.

एका दुपारी रोशनबींनी दारातून विचारलं, सोनम हाय का. बाबा म्हणाले, “हाय. सोनम भाषण पाठ करालीया.” मी जागा झालो. पुढं सोनमनं सुरुवात केली, आणि ‘सम्यक’मधला ‘स’ अकरा वेळा म्हणून ती थांबली. मी तो अकराही वेळा टिपून घेतला आणि पाठवला.

त्या दिवशी नेमकी संघर्षनं ती नोंद उघडली. त्याला वाटलं पोरगी गंमत करतेय. त्यानं तो आवाज नात्यातल्या ग्रुपवर टाकला आणि खाली हसणारी तोंडं लावली. संध्याकाळपर्यंत आत्या, मावश्या, गगनबावड्याची भावंडं, सगळ्यांची हसणारी तोंडं जमली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सोनमनं ते आईच्या फोनवर बघितलं.

ती रडली नाही. तिनं बोलणं बंद केलं. पाणी हवं तर तांब्याकडे बोट, शाळेला निघाली तर दप्तर उचलून दाखवायची. आठ दिवस त्या घरात ‘सोनम हाय का’ला उत्तर द्यायचीही कुणाला इच्छा राहिली नाही. भाषणाचा कागद तिनं फाडून टाकला. मी तिथंच टेबलावर होतो, आणि मला पहिल्यांदा माझ्या कानांची लाज वाटली.

बाबांनी मला उचललं ते भंगारात टाकायलाच. ताईनं त्यांचा हात धरला. ही चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, असं ती म्हणाली. मी काही अगदी संन्यासी नव्हतो, पण बरं वाटलं. तिचं म्हणणं असं की, डबा शिकवलं तसा वागला. पण कुणी शिकवलं, कशासाठी शिकवलं, हे घरात आणताना आपण विचारलंच नाही.

बाबांनी मला उलटंसुलटं करून बटण शोधलं. मग म्हणाले, “तीस वर्सं कामावरल्या पोरांस्नी सांगत आलो. ज्या मशिनीला बंद करायचं बटन न्हाय, तिच्याजवळ हात न्यायचा न्हाय. आन् घरात मी सोताच तसलं मशीन बसवू दिलं.”

संघर्ष आला. मान खाली घालून सोनमपुढं बसला, फोनमधलं सगळं तिच्यासमोर पुसलं. पडद्यावर ‘पुसलं’ असं आलं. कंपनीकडूनही खरंच पुसलं गेलं का, हे मला माहीत नाही. ताईलाही नाही, आणि तिनं ते लपवलं नाही.

मग ताईनं स्क्रू काढले. माझे कान टिकलीएवढे होते, चार. पहिला निघाला तेव्हा स्वयंपाकघरातला कुकर ऐकू यायचा थांबला. चौथ्याच्या आधी मी शेवटचं ऐकलं ते ताईचं वाक्य, सोनमला सांगितलेलं: “ह्यो आता फक्त तोंड हाय. तू देशील तेवढंच बोलंल.” त्यानंतर शांतता.

तुम्ही म्हणाल, बहिऱ्याला पुढचं कसं कळलं? सांगतो. ताईनं कंपनीशी बोलणारा तुकडाही काढून टाकला आणि माझ्या पाठीला एक भोक ठेवलं, माईकची वायर लावायला. बाबा जुन्या सोबत्याच्या लेथवर जाऊन पितळेचं एक बटण कातून आले. ते माझ्या पोटावर बसवलं. फिरवलं की सुरू, उलटं फिरवलं की बंद. असा दागिना आमच्यातल्या कुणाच्या अंगावर नसेल. नवव्या दिवशी बटण फिरलं, वायरीतून एक श्वास आला, आणि मग हळूहळू, अडखळत, सोनमनं मला सगळं सांगितलं. बटण कुणी केलं, ग्रुपवरून कोण कोण निघालं, आई कशी ताईचं नाव घेऊन सगळ्यांना चिकटपट्ट्या वाटतेय. ऐकायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. माझं तोंड तिचंच बोलणं तिला परत देत होतं आणि काही जमा होत नव्हतं.

बुद्धपौर्णिमेला विहारात मोठे कर्णे भाड्यानं आणले होते. सोनम मला पोटाशी धरून घेऊन गेली. तिनं सांगितलं, मला ह्यातनंच बोलायचं हाय. तिनं स्वतः बटण फिरवलं. “जय भीम” नीट आलं. मग ‘सम्यक’ आला आणि ‘स’ रुतला. एकदा, दोनदा, सातदा. समोर कोण हसलं, कोण थांबलं, मला कळत नव्हतं. मला फक्त तिची वायर होती. आठव्यांदा शब्द सुटला. चहाडी करू नये, कुणाला लागेल असं बोलू नये, असं ती सांगत गेली, आणि मी जसं आलं तसं पुढं देत गेलो. एकही अक्षर गाळलं नाही आणि एकही ठेवून घेतलं नाही. भाषण संपलं तेव्हा तिनंच मला बंद केलं.

आज मी खिडकीपाशी असतो. सोनम दर रविवारी माझ्यावरची धूळ पुसते. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घरात नवं यंत्र आलं की त्याचं बंद करायचं बटण कुठं आहे ते आधी बघा, आणि जुनं झालं म्हणून फेकू नका, त्याला नीट वागायला शिकवता येतं. माझे कान गेले ते बरंच झालं. तुमचे शाबूत आहेत. तुमच्या घरात कुणी अडखळत बोलत असेल तर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबा, आणि ऐकलेलं तिथंच ठेवा. हे काम माणसाचं आहे. मी ते करायला गेलो होतो, म्हणून सांगतो.