बाहेर आलेला पत्रा

“बाबा, चारच्या आत होईल ना हो?”

सकाळपासून लेकीनं हे पाचव्यांदा विचारलं. डेंटरनं मडगार्डच्या आतून लोखंडी ठोकळा धरला आणि बाहेरून हातोडी चालवली. “होईल गं बाई. पत्रा आहे हा, कणीक नाही दाबली की बसायला.”

काल संध्याकाळी ती गाडीचं तोंड फोडून एकटीच माहेरी आली. खांबावर घातली म्हणाली. नवऱ्यानं बजावलं होतं, उद्या चारला येईन, तोवर तुझ्या बापाकडून गाडी नीट करून ठेव.

तेव्हापासून घर अंगणात उतरलं होतं. बायको पुट्टीवर ओला पॉलिश पेपर घासत होती. धाकटी काचांना कागद चिकटवत होती. “ताई, लायसन काय तुला लॉटरीत लागलं?” ती म्हणाली. कोणी हसलं नाही. तेवढ्यात फोन वाजला आणि थोरलीच्या हातातला पाण्याचा मग खाली पडला. फोन शेजारणीचा निघाला, तरी पोरीचे ओठ पांढरेच राहिले.

समोरचं काम आटोपून त्यानं सवयीनं डोळे मिटले आणि डाव्या दारावरून तळवा फिरवला. तीस वर्षं तो असाच पत्रा वाचत आला होता. बाहेरून मार बसला की पत्रा आत जातो. हा बाहेर आला होता. त्यानं दाराचं आतलं कव्हर काढलं, तर ते दोन जागी तडकलेलं आणि त्यावर टाचांचे काळे ओरखडे.

“डाव्या सीटवर तू होतीस,” तो म्हणाला. “गाडी कोण चालवत होतं?”

लेक मटकन पायरीवर बसली.

“मी थांबवा म्हणत होते, ते थांबवेनात. वेग वाढवत गेले. तुला उतरायचंय ना, उतर, म्हणाले. दारं लॉक केलेली. मी लाथा मारल्या. मग ते मला मारायला वळले आणि खांब आला.” तिनं बापाचा हात धरला. “बाबा, ते दार आधी बसवा. त्यांना दिसलं तर जीव घेतील माझा.”

बायको तोंडात पदर कोंबून रडू लागली. डेंटरला दरदरून घाम फुटला. आयुष्यभर गॅरेजमालकाचा आवाज चढला की ह्याची मान खाली. आणि जावई म्हणजे सहा फुटी, हात उगारायला कारण न लागणारा माणूस.

त्यानं हातोडी उचलली आणि दार ठोकायला घेतलं. बायको भडकली, “अहो, बसवताय काय? पाठवणार तिला परत?”

“गाडीत काहीएक बाकी ठेवायचं नाही,” तो म्हणाला. “हे राहिलं म्हणून पुन्हा आपल्या दारात यायला त्याला निमित्त नको.”

जन्मात केलं नव्हतं इतक्या सफाईनं त्यानं ते दार केलं. रंगाचा शेवटचा हात वाळला, आणि चारच्या ठोक्याला फाटकाशी रिक्षा थांबली.

जावयानं गाडीभोवती एक चक्कर मारली. दारावर बोट फिरवलं. “वा, सासरेबुवा! हात आहे तुमचा.” मग घराकडे बघून ओरडला, “चल गं, बस.”

डेंटर घराच्या दारात आडवा उभा राहिला आणि किल्ली पुढे केली. “गाडी झाली. घेऊन जा.”

“आणि ती?”

“ती येणार नाही.” आवाज चिरकला, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं, “नाही येणार ती.”

जावई अगदी छातीशी येऊन उभा राहिला. डेंटरच्या तोंडावर त्याचा श्वास येत होता. आता बसतोय फटका, असं वाटून त्यानं डोळे मिटले, पण बाजूला झाला नाही. मागून बायको आणि धाकटी येऊन त्याला खेटून उभ्या राहिल्या.

“बघून घेईन एकेकाला,” जावई म्हणाला. किल्ली हिसकावून गेला. गाडी कोपऱ्यावरून वळली, आवाजही विरला.

“गेला तो. चला आत,” बायको म्हणाली.

“मला जरा धर,” तो म्हणाला. “पाय हलत नाहीयेत.”