कोटाचे माप

त्या दिवशी मालक मला गळ्यातून काढायलाच विसरले. भर दुपारी त्यांनी दुकानाचे शटर खाली ओढले, आणि मी त्यांच्या गळ्यात तशीच लोंबकळत दवाखान्यात पोहोचले. डॉक्टरबाईंच्या खोलीत एक टेबल होते, तीन खुर्च्या होत्या आणि भिंतीवर माणसाच्या पोटाच्या आतले चित्र होते. मालकीणबाई बाहेर बाकावर लेकीच्या खांद्याला टेकून बसल्या होत्या.

"त्यांचं वजन किती कमी झालं?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"वजनाचं नाही सांगता येणार," मालक म्हणाले. "घरात काटा नाही. पण कपडे तीनदा आत घेतले."

डॉक्टरबाईंचे पेन थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग मालकांकडे.

"कोणी घेतले?"

"मीच. शिंपी आहे मी."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले आणि सांगितले की जठरात गाठ आहे आणि ती आता जठरापुरती राहिलेली नाही. "आधी आला असतात तर नक्की बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आपल्या हातात जास्त वेळ असता."

बाहेर आल्यावर मालकीणबाईंनी पहिल्यांदा मलाच पाहिले. "अहो, हिला इथेही घेऊन आलात?"

मित्रांनो, ती मी. मी एका शिंप्याच्या गळ्यातली जुनी टेप आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. अंगावर नुसते आकडे आहेत, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. माझी दोन्ही टोके पितळेची आहेत. सुरुवातीचे आकडे आता पुसले गेले आहेत, कारण मालकांचा अंगठा नेहमी तिथेच असायचा. त्यांना त्याची अडचण होत नाही. ते आकडे त्यांना पाठ आहेत.

मी एका कारखान्यात जन्मले. कापडाच्या पट्टीवर रंगाचा पातळ लेप दिला, आकडे छापले, टोकांना पितळ ठोकले, आणि मी तयार झाले. माझ्यासारख्या शेकडो जणी एका खोक्यात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. मालकांनी दुकान उघडले त्या आठवड्यात त्यांनी मला आणले. दुकान खाली आणि घर वर, मध्ये एक अरुंद जिना. तेव्हापासून माझी जागा त्यांच्या गळ्यात. सकाळी दात घासून झाले की आधी मी, मग चष्मा.

जेवायला वर गेले तरी मी गळ्यातच. मग मालकीणबाई म्हणायच्या, "आधी त्या सवतीला खाली उतरवा, मग ताट वाढते." आणि स्वतःच मला ओढून घ्यायच्या. सवत म्हणायच्या, पण माझी नीट गुंडाळी करून खिडकीत ठेवायच्या, आणि घामाने चिकट झाले असेन तर ओल्या फडक्याने पुसायच्या.

माझे काम सोपे होते. छाती, कंबर, खांदा, बाही. पण मित्रांनो, वर्षानुवर्षे माणसांच्या अंगाभोवती फिरल्यावर नुसते आकडे कळत नाहीत, माणसेही कळतात. कोणाच्या मानेचा बाक वाढला, कोणाच्या पायांना संध्याकाळी सूज येते, कोणाचे पोट दरवर्षी पट्ट्याच्या एका भोकाने पुढे सरकते, हे मला कळायचे. मालकांनाही कळायचे. आणि ते गप्प बसत नसत.

एकदा एक आई मुलीला शाळेच्या गणवेशासाठी घेऊन आली. मालकांनी तिच्या खांद्यांवर मला ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. "बाळ, सरळ उभी राहा बघू," ते म्हणाले. मुलगी म्हणाली, "काका, सरळच आहे मी!" एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता, आणि कंबरही एका बाजूला जास्त आत गेलेली होती. मालक आईला म्हणाले, "दप्तराचं ओझं असेल, नसेलही. गणवेश मी शिवतो, पण तुम्ही हिची पाठ डॉक्टरांना दाखवा." दाखवली. मणका वाकत होता. मुलीला पट्टा लागला, व्यायाम लागला, पण वेळेवर कळले म्हणून शस्त्रक्रिया टळली. ती आई नंतर पेढ्यासारखे गोड हसत येऊन गेली.

मग समोरचा घड्याळवाला. तो मालकांचा जुना दोस्त. एका दुपारी दोन पँटी घेऊन आला.

"कंबर आत घे रे. बघ, कसा हिरो झालोय."

मालकांनी मला त्याच्या कमरेला गुंडाळले आणि भुवया वर केल्या. "उपास करतोस?"

"छे! उलट भूक वाढलीय. आणि तहान तर विचारू नकोस. दुकानात बाटली पुरत नाही."

मालकांनी पँटी त्याच्या हातात परत दिल्या. "आधी रक्त तपासून ये. मग शिवतो."

"अरे, तू शिंपी आहेस का डॉक्टर?"

"शिंपीच आहे. म्हणूनच सांगतोय. माणूस न ठरवता आक्रसायला लागला, की कापडात नाही, माणसात बघायचं असतं. चल, नीघ."

घड्याळवाला शिव्या देत गेला. चार दिवसांनी तोंड पाडून आला. साखर भलतीच वाढलेली होती. आज तो औषधे घेतो, वेळेवर जेवतो आणि ठणठणीत आहे. त्याने ही गोष्ट गल्लीभर केली. लोक म्हणू लागले, आमचा शिंपी म्हणजे अर्धा डॉक्टर. मालक वरवर "काहीतरीच काय" म्हणायचे, पण माझी टोके जरा जास्तच ऐटीत झटकायचे. मलाही फार अभिमान वाटायचा.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. इतक्या वर्षांत मालकीणबाईंच्या अंगाला मी मापासाठी कधीच लागले नव्हते.

मालक म्हणायचे, "शिंप्याच्या बायकोचं माप डोळ्यात असतं." खरेच, ते त्यांचा ड्रेस नुसत्या अंदाजाने बेतायचे आणि तो बसायचाही. त्यात त्यांची मोठी शान होती. मालकीणबाई अंगाने भरलेल्या होत्या. मालक चिडवायचे, "तुला एका ड्रेसला दोघींचं कापड लागतं." त्या म्हणायच्या, "माझं माप काढू नका, कापड काढा." शिवणीच्या आत थोडे जास्तीचे कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. मालकीणबाईंच्या कपड्यांत मालक नेहमी भरपूर माया ठेवायचे. दर वर्षा-दोन वर्षांनी ती थोडी उसवून सैल करावी लागायची.

कोटाची गोष्ट मात्र वेगळी. कोट अंदाजाने होत नाही. मालकीणबाईंनी थंडीसाठी वांगी रंगाचे लोकरीचे कापड आणले होते. "आयुष्यभर गल्लीला कोट शिवलेत. एक मला शिवा. आणि नीट माप घेऊन शिवा." मालक म्हणाले, "घेतो की. एवढी गर्दी सरू दे." कापड फळीवर गेले. गर्दी सरली, दुसरी आली. शिंप्याची गर्दी कधी सरते का?

त्याच सुमारास मालकीणबाई आमच्या शेजारच्या इस्त्रीवाल्या काकूंबरोबर सकाळी फिरायला जाऊ लागल्या. महिन्या-दोन महिन्यांत त्यांचा निळा ड्रेस सैल झाला. काय आनंद झाला सगळ्यांना! काकू म्हणाल्या, "बघा, माझ्या पायगुणाने झाली की नाही बारीक!" मालकांनी ड्रेस दोन बाजूंनी चिमटीत धरला, खडूने खूण केली आणि टीप मारली. मी त्यांच्या गळ्यातच होते. माझी गरज लागली नाही.

काही आठवड्यांनी पुन्हा तेच. लेक माहेरी आली होती. "आई, काय दिसतेस! आता माझे कपडे होतील तुला." पुन्हा चिमूट, पुन्हा टीप.

मग त्यांचे फिरणे बंद झाले. सकाळी दम लागतो म्हणाल्या. मित्रांनो, फिरणे बंद झाले आणि तरी ड्रेस सैलच होत राहिला. तिसऱ्यांदा त्या तो घेऊन आल्या तेव्हा गणवेशांचे दिवस होते आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

"थोडा आत घ्या हो. खांद्यावरून उतरतोय."

"ठेव तिथे."

"आणि हल्ली दोन घास खाल्ले की पोट भरतं. वर आल्यासारखं होतं."

मालक मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "बरंय की. कापड वाचेल."

त्या हसल्या. त्यांना विनोद आवडला म्हणून हसल्या, की गिऱ्हाइकांसमोर उगाच नको म्हणून, हे मला अजून कळलेले नाही. ड्रेस काउंटरवर ठेवून त्या जिना चढू लागल्या आणि मध्येच कठड्याला धरून थांबल्या. मालकांची पाठ जिन्याकडे होती. ज्या जागेवरून त्यांनी घड्याळवाल्याला हाकलले होते, त्याच जागी बसून त्यांनी तो ड्रेस आत घेतला. आता त्यात आत घ्यायला फारसे काही उरलेही नव्हते. शिवणीतली मायाच जास्त झाली होती.

लेक पुढच्या वेळी आली आणि तिने आईला अंघोळीनंतर पाठमोरे पाहिले. तीच त्यांना ओढून दवाखान्यात घेऊन गेली. तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाईंनी मालकांना बोलावून घेतले. पुढचे तुम्ही सुरुवातीलाच ऐकले आहे.

दवाखान्यात मालक रोज जायचे, आणि मी त्यांच्या खिशात असायचे. एका दुपारी मालकीणबाईंना जरा बरे वाटत होते. उशीला टेकून बसल्या होत्या. खिशातून माझे पितळी टोक डोकावत होते, ते त्यांना दिसले.

"आता कसली गर्दी नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या. "घ्या की कोटाचं माप."

मालकांनी मला बाहेर काढले. दोन्ही हातांत धरून मालकीणबाईंच्या खांद्यापर्यंत नेले. त्या खांद्यावर मला ठेवले असते, तर किती गेले हे आकड्यात दिसले असते. त्यांनी मला तसेच मागे घेतले.

"आधी बरी हो," ते म्हणाले. "अंगाने भरलीस की घेऊ. नाहीतर कोट घट्ट होईल."

मालकीणबाईंनी त्यांच्याकडे बघितले. "बरं," म्हणाल्या. आणि मला त्यांच्या हातातून घेऊन, बोटांवर हळूहळू गुंडाळी करून, परत खिशात ठेवले. थंडी सुरू व्हायच्या आत त्या गेल्या.

घड्याळवाला अजून येतो. मालकीणबाई गेल्यावर पहिल्यांदा आला तेव्हा स्टुलावर बसला. म्हणाला, "मला कसा हाकललास रे त्या दिवशी."

"तू गिऱ्हाईक होतास," मालक म्हणाले. "तुझं माप घेतलं होतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. तो दिवा कोण, ते मला कळलं नव्हतं."

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. मालक म्हणतात, टेप जुनी झाली की ताणली जाते आणि खोटे बोलायला लागते, म्हणून ते मला अधूनमधून लोखंडी पट्टीवर ठेवून तपासतात. मी खरी आहे की नाही हे बघायला त्यांनी नेहमी वेळ काढला. तुमच्या घरातही असेच असेल. गाडीचे तेल कोणी तरी बघत असेल, घड्याळाचा सेल कोणी तरी बदलत असेल. मग आईचा ड्रेस सैल का झाला, हेही कोणी तरी बघा. माणूस ठरवून बारीक झाला तर त्याचे कौतुक करा. पण न ठरवता कपडे सैल व्हायला लागले, जेवण कमी झाले, जिन्यात थांबावे लागले, तर आधी कौतुक करू नका, आधी विचारा. आणि विचारून थांबू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. काही निघाले नाही तर हसत घरी या. घरातली माणसे डोळ्यात असतात, पण रोज बघणाऱ्या डोळ्यांना थोडे थोडे कमी होणारे दिसत नाही.

मालक अजून कपडे शिवतात. जेवायला वर जातात तेव्हा मला गळ्यातून काढायला आता कोणी नाही, म्हणून ते मला घेऊनच जेवतात.

कोटाचे वांगी कापड फळीवर आहे. त्याला खडू लागलेला नाही. माप घ्यायचे राहिले.