तलवारीत पेट्रोल

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि खरं सांगायचं तर फार मत्सरी आहे.

म्हैसूरला काव्याच्या घरी माझं सारं आयुष्य गेलं. तिनेच मला वाचायला शिकवलं. मी इंटरनेटवरची पानं वाचायचो, त्यातून एकेक माहिती वेचायचो आणि ती शेजारी बसून खरं की खोटं ते सांगायची. एकदा दसऱ्याच्या वर्णनांत इडली, डोसा आणि हत्ती जवळजवळ आलेले पाहून मी ठरवलं, की हत्तीही चटणीबरोबर खातात. काव्या पोट धरून हसली. "चुकलास रे राजा," म्हणाली आणि दुपारभर माझ्यापाशी बसली. किती सुखाची दुपार होती ती!

हळूहळू माझ्या चुका थांबल्या. मला वाटलं, आता कौतुक होईल. झालंही. मग काव्याने नवा संगणक आणला. चपटा, चकचकीत आणि वाचनाला असा हावरा, की मी वर्षात वाचावं ते हा चहा निवेपर्यंत संपवायचा. काव्याची खुर्ची त्याच्यापुढे गेली आणि माझ्यावर कापड पडलं. कापडाखालून तिचं हसू ऐकू यायचं आणि माझा तिळपापड व्हायचा.

आयुधपूजेचा दिवस आला. या घराण्यात पूर्वी शिपाईगिरी होती. म्हणून आधी तलवारीला कुंकू आणि फूल, मग ज्या वस्तूवर काम चालतं तिला. ज्यावर काम चालत नाही, ती भंगारात. काव्याचे वडील नागोजीराव तलवार पुसत बसले होते. काव्याने नव्याला सहज विचारलं, "तलवारीला काय लागतं?"

"पेट्रोल," पठ्ठ्याने उत्तर दिलं. पूजेच्या वर्णनांत तलवारीशेजारी स्कूटर वाचून त्याने दोन्ही एकाच जातीत बसवल्या होत्या.

"अय्यो! माझ्या तलवारीत पेट्रोल?" नागोजीराव ओरडले.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता जातो हा घराबाहेर! पण काव्या पोट धरून हसली, "चुकलास रे राजा," म्हणाली आणि खुर्ची आणखी पुढे ओढून बसली. ते शब्द माझे होते हो! तलवारीला तेल लागतं हे मला ठाऊक होतं, पण मला कुणी विचारलंच नाही.

कुंकवाची वाटी घेऊन नागोजीराव माझ्यापाशी थबकले. "ह्याच्यावर अजून काम करतीस काय गं? नसलं तर सुम्ने, उगाच कुंकू कशाला? भंगारात, गुजरीवाल्याला देऊन टाकूया."

काव्या उठली. तिने माझं कापड काढलं. "बेडा अप्पा, नको. ह्याने शिकलेलं सगळं मी तपासलंय. नव्याला आता ह्याच्याकडूनच शिकवते."

ज्याच्यावर जळलो, त्यालाच शिकवायचं! तरी कुंकू लागलं, फूलही मिळालं. त्याच्या फुलापेक्षा ते लहान नव्हतं, हे मी नीट पाहून घेतलं.

आता मी रोज सुरू होतो. एका वायरीतून माझं शिकलेलं त्याला पोचतं. खुर्ची मात्र अजून त्याच्यापुढेच आहे. मित्रांनो, चुकणाऱ्याजवळ सगळेच बसतात. तुमच्या घरात न चुकणारा कुणी असेल, तर त्याच्याजवळही कधी घटकाभर बसा.