पोस्ट की पंजा

आकाराम सासने यांच्या पिठाच्या गिरणीत त्या दिवशी दळपाला आलेल्या माणसाला दळणाआधी पुस्तक ऐकावं लागत होतं. कोल्हापुरातल्या फुटबॉल खेळणाऱ्या घरांवरचं ते नवंकोरं पुस्तक. लिहिणारी संयोगिता ही कॉलेजात शिकवणारी मुलगी. तिनं वर्षभर पेठापेठांतून हिंडून खेळाडूंना, त्यांच्या घरच्यांना गाठलं होतं. त्यात एक अख्खं प्रकरण सासन्यांवर होतं. आकारामचे वडील खेळलेले, भाऊ खेळलेला आणि आकाराम तर तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. त्यानं दुकानातल्या होत्या तेवढ्या प्रती उचलल्या आणि स्वतः न वाचताच निम्म्या वाटून टाकल्या. आपल्याविषयी काय लिहिलं असणार हे त्याला पाठ होतं. फायनलला शेवटच्या मिनिटाला मिळालेली पेनल्टी, मारायला उभा समोरच्या तालमीचा दिलदार मुल्लाणी, आणि आकारामनं हवेत झेप घेऊन पंजानं बाहेर काढलेला चेंडू. ही गोष्ट सांगत सांगत त्याचे केस पांढरे झाले होते. पिठानं झाले ते वेगळेच.

जोंधळ्याचा डबा घेऊन बसलेल्या धोंडुबाईंना तो खड्या आवाजात वाचून दाखवत होता. पेनल्टीपाशी आल्यावर त्यानं घसा खाकरला.

"दिलदारनं मारलेला चेंडू," त्यानं वाचलं, "गोलपोस्टला लागून बाहेर गेला. गोलकीपर आकाराम तेव्हा..." आणि तो थांबला. पुढं छापलं होतं, 'तेव्हा विरुद्ध बाजूला झेपावले होते.'

"तवा काय?" धोंडुबाईंनी विचारलं.

"पुढची पानं चिकटल्यात," आकाराम म्हणाला आणि त्यानं गिरणी सुरू केली. त्या आवाजात काही विचारायची सोय नव्हती.

जेवण काही त्याला गेलं नाही. बायकोनं, बयाबाईनं, काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, पोट बरं नाही. मग त्याला एकदम सुचलं. पेनल्टी मारणारा अजून जिवंत आहे, धडधाकट आहे, त्याच्याइतका पक्का साक्षीदार कोण? अडचण एवढीच होती, की त्या फायनलनंतर दोन्ही तालमींत जी जुंपली, तेव्हापासून हे दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते. रस्त्यात समोर आला तर आकाराम दुकानांच्या पाट्या वाचत जायचा.

दिलदारचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान लक्ष्मीपुरीत होतं. आकाराम मनाशी भांडणाची तयारी करूनच आत शिरला. दिलदार मांडीवर तेच पुस्तक उघडं टाकून बसला होता, आणि त्याचं तोंड कडू झालं होतं.

"बरं झालं आलास," तो म्हणाला. जणू कालच भेटले होते. "ही पोरगी म्हणती, मी पोस्टला मारला. आरं, मी काय नवशिका हुतो व्हय? सगळ्या गावाला मी सांगितलंय, गोल हुताच, आकारामचा पंजा मधी आला."

आकाराम स्टुलावर बसला. इतकी वर्षं आपल्या कौतुकाची दुसरी शाखा लक्ष्मीपुरीत चालू होती याचा त्याला पत्ताच नव्हता. दिलदारनं चहा सांगितला. आकाराम तो बशीत ओतून प्यायला, आणि दोघं दिलदारच्या स्कूटरवर बसून राजारामपुरीला संयोगिताच्या घरी निघाले.

संयोगितानं दोघांना नीट बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग ती शांतपणे म्हणाली, की खेळणाऱ्यांच्या आठवणी मोठ्या होत जातात, म्हणून तिनं गोलच्या मागं बसून सामना पाहिलेल्या दोन माणसांना वेगवेगळं गाठून विचारलं होतं. दोघांनी अगदी तेच सांगितलं.

"कोण ती माणसं?" दिलदारनं विचारलं.

"काका, आभाराच्या पानावर आहेत की नावं. तुम्ही पाहिली नाहीत?"

आभार कोण वाचतं? दोघांनी एकदमच पान उलटलं. बयाबाई सासने, कुलसुम मुल्लाणी.

दोघं तडक स्कूटरवरून परतले. आकारामच्या घरी पोचले तर बयाबाई कट्ट्यावर शेंगा सोलत बसली होती. दिलदारला पाहून तिनं पदर सारखा केला आणि, भाऊजी आज इकडं कसं, असं म्हणत सरळ फोन उचलून कुलसुमला लावला. तुझा माणूस हितं हाय, तू बी ये, शेंगा लई हाईत, एवढंच ती बोलली. त्यावरून दोघा पुरुषांना कळलं, की या बायका त्या फायनलपासून मैत्रिणी आहेत. दोघीही तेव्हा नव्या नवऱ्या, नणंदांनी सामना बघायला आणलेल्या, गर्दीत गोलच्या मागं शेजारी शेजारी बसलेल्या. तिथं ओळख झाली ती मंडईत टिकली. नवऱ्यांच्या भांडणाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

कुलसुम आल्यावर आकारामनं विषय काढला. त्याला वाटलं होतं, बायको जरा तरी वरमेल.

"अवो, चेंडू उजवीकडं आला, तुमी डावीकडं," बयाबाई शेंग फोडत म्हणाली. "कुलसुम तर हसली बी तवा."

"मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"कुणी इचारलंच न्हाय. त्या पोरीनं इचारलं, मी सांगितलं."

दिलदार गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्यानं जाहीर केलं, की उद्या सकाळी मैदानावर यावं, तो पुन्हा मारेल, आकाराम पुन्हा अडवेल, आणि त्या लेखिकेनंही यावं आणि डोळ्यांनी बघून पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करावी. आकारामला गुडघ्याची आठवण झाली, पण मागं हटणं शक्य नव्हतं.

सकाळी मैदानावर मुलींचा एक संघ सराव करत होता. त्यांनी चेंडू दिला आणि बघायला रांगेत बसल्या. बयाबाई आणि कुलसुम गोलच्या मागं पूर्वीसारख्याच जाऊन बसल्या. संयोगितानं फोन काढला. हात मिळवायच्या निमित्तानं दिलदार जवळ आला आणि कुजबुजला, "उजवीकडं मारतो. हळू मारतो."

आकारामनं मान हलवली. शिट्टी झाली. दिलदार धावत आला, निदान धावल्यासारखा आला, आणि आकारामनं उजवीकडं अंग टाकलं. अंग पडलं ते झोकात पडलं. पण दिलदारचा पाय मातीत अडकला, चेंडू तिरका सुटला आणि डावीकडून रमतगमत, जत्रेला निघाल्यासारखा, रेषेपलीकडं गेला.

मुली ओरडल्या. दिलदारला क्षणभर काही कळेना. मग कळलं, की गोल झाला. त्या फायनलपासून राहून गेलेला गोल. ठरलेलं सगळं विसरून तो दोन्ही हात वर करून मैदानभर फिरू लागला.

"ठरलंतं काय आन् मारलास कुठं!" आकाराम पडल्या जागेवरून गरजला. हे सगळ्या मैदानानं ऐकलं. संयोगितानं फोन खाली केला आणि तोंडावर रुमाल धरला.

मग त्या मुलींनीच बयाबाईला उठवलं. आजी, तुम्ही पण मारा एक. ती नको नको म्हणत आली, पदर खोचला आणि आकाराम अजून नीट उभा राहतो न राहतो तोच तिनं पाय मारला. चेंडूबरोबर चप्पलही सुटली. चेंडू थेट आकारामच्या पोटात बसला, त्यानं तो दोन्ही हातांनी कवटाळला. चप्पल त्याच्या डोक्यावरून जाळीत गेली.

"ह्यो मात्र अडवला," कुलसुम म्हणाली. "मी बघितलं."

दिलदारनं चप्पल आणून दिली. संयोगितानं विचारलं, पुढच्या आवृत्तीत काय लिहायचं? दिलदार म्हणाला, माझ्या गोलाचं लिव्ह. आकाराम चेंडू पोटाशी धरून उभाच होता. त्याला श्वास लागला होता.

दुपारी बयाबाई त्याच्या खांद्याला तेल चोळत होती. गिरणी बंदच होती. तो म्हणाला, "बाकीच्या मॅची बी बघितल्यास काय गं तू माझ्या?"

"सगळ्या."

"मग सांग की."

बयाबाईनं हाताला आणखी तेल घेतलं. सांगलीला झालेल्या एका सामन्यापासून तिनं सुरुवात केली. त्यात आकारामच्या दोन पायांमधून चेंडू गेला होता. पहिल्यांदा कसा गेला ते सांगून झालं आणि ती दुसऱ्या वेळेवर आली, तेव्हा आकाराम म्हणाला, खांदा आता बरा वाटतोय. पण ती थांबली नाही, आणि त्यानंही उठायची घाई केली नाही.